कोयत्यामागची पोरे



बेणे, खोडव्याची निगा, पाचट न जाळणे यांविषयी आम्ही या पानावर नेहमी लिहितो. या खेपेचा विषय उसाचाच, पण तो वाढवण्याचा नाही. तोडणाऱ्यांच्या पोरांचा आहे.

टोळी आली की मुकादम कोयते मोजून देतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. करारात आणि शेतकी खात्याच्या रजिस्टरात कोयतेच लिहिले जातात. पण फडात जाऊन उभे राहा, तिसरे-चौथे हात दिसतात. दहा-अकरा वर्षांची पोरगी कोपीवर तान्ह्याला सांभाळते, पाणी भरते, भाकऱ्या थापते. तिचा मोठा भाऊ वाढे गोळा करतो, मोळ्या बांधू लागतो. हे हात कुठल्याच कागदावर नाहीत.

आईबापांना माया नाही असे कोणी म्हणू नये. मजुरी टनावर, आणि उचल आधीच घेऊन खर्चलेली. हंगामात ती फिटली नाही तर बाकी पुढच्या सालावर जाते. म्हणून पोराने बांधलेली मोळीही फेडीला लागते. बीड, आष्टी, पाथर्डीकडे घरी आजी-आजोबा धडधाकट असले तर पोरे मागे राहतात, नसले तर टोळीबरोबर निघतात. दिवाळीला सुटलेली शाळा पाडव्यापर्यंत सुटलेलीच. दोन-तीन हंगाम असे गेले की पोरगं वर्गात बसायला लाजतं. पोरीचे लग्न लवकर उरकतात; एकटी मागे कुठे ठेवायची ही धास्ती असते, आणि जोडी झाली की पुरा कोयता होतो.

कायदा काय सांगतो? 1986 च्या बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून 14 वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवणे गुन्हा आहे. घरच्या व्यवसायात हातभाराची सवलत आहे, पण तीही शाळेची वेळ सोडून आणि सुट्टीत. कारखान्यासाठी चाललेली तोड घरचा व्यवसाय कशी होईल? शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. दाखला आला नाही म्हणून कोपीजवळच्या शाळेला मूल परत पाठवता येत नाही. वयाप्रमाणे वर्गात बसवावेच लागते. हे पुष्कळ मुकादमांना ठाऊक नाही. खरे तर आपल्यालाही नसते.

आता स्पष्ट बोलतो. ऊस पक्व होऊन उभा आहे, वजन घटते आहे, टोळी महिनाभर वाट पाहून आलेली. अशा वेळी "हे पोरगं शाळेत का नाही?" असे विचारायला कोणत्या सभासदाची जीभ उचलेल? टोळी रुसून दुसऱ्या फडावर गेली तर नुकसान त्याचेच. ही भीती खोटी नाही, आम्ही ती रोज पाहतो. म्हणूनच एकट्याने विचारून भागत नाही.

गावाने मिळून विचारले तर काय होते, याचे उदाहरण रंगारेड्डी जिल्ह्यात आहे. तो तेव्हा आंध्रात होता, आज तेलंगणात आहे. शांता सिन्हा आणि एम. व्ही. फाउंडेशनच्या कार्यकर्त्यांनी 1991 पासून तिथे गावोगाव फिरून शेतमजुरी आणि सालगडीपणातली मुले शाळेत आणली. शाळेबाहेरचे प्रत्येक मूल बालकामगारच, ही त्यांची सरळ व्याख्या. गावातले तरुण, शिक्षक, सरपंच, पालक त्यांनी बरोबर घेतलेच, पण मुलांना कामावर ठेवणाऱ्या शेतकऱ्यांनाही शत्रू न मानता समजावून सामील केले. सिन्हा यांना 2003 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मालकच बोलू लागला की मजुराची भीड चेपते, हे आम्हाला त्यातले मुख्य वाटते. आपल्याकडे तो मालक म्हणजे सभासद.

वेळही साधली पाहिजे. कोप्या पडल्यावर धावपळ करून थोडेच हाती लागते. मुकादमांचे करार पावसाळ्यात होतात, तेव्हाच कोयत्यामागे मुले किती, कोणत्या इयत्तेत, गावी हंगामी वसतिगृहात राहतील की बरोबर येतील, हे लिहून घ्यायला हवे. करारात असा रकाना नाही. तो घालणे एकट्या शेतकी खात्याच्या हातात नाही, सभासदांनी मागितला तर होईल.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरपूर्वी होते. तिथे दर आणि रिकव्हरीवर बोलणारे पुष्कळ असतात. या रकान्याची मागणी चार-पाच जणांनी सह्या करून सभेआधी लेखी द्यावी. मजकूर कसा लिहायचा ते गट ऑफिसात विचारा, आम्ही सांगू.