पॉलिप काढल्यावर झाडपाला घ्यावा का?

मोठ्या आतड्यातला पॉलिप काढून घरी आलेला माणूस लवकरच विचारतो, "आता पोटासाठी हिरडा, त्रिफळा सुरू करू का?" भोकरदन-जाफराबादकडच्या वस्त्यांवर असो की जालन्यातल्या आपल्या मंडळीत, प्रश्न तोच. त्याला नुसतं हसून चालणार नाही.

पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर आलेली लहान गाठ. बहुतेक गाठी त्रास देत नाहीत. पण अ‍ॅडेनोमा जातीची गाठ बऱ्याच वर्षांनी कर्करोगात बदलू शकते. म्हणून दुर्बीण घालून ती काढतात. तपासणीआधी पोट साफ करण्याचं औषध देतात, त्यात आतड्यातले पुष्कळ जीवाणू धुऊन जातात. ते बहुधा काही आठवड्यांत पुन्हा वाढतात. डॉक्टरांनी नेहमीच्या जेवणाला परवानगी दिली की ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी हेच त्यांचं खाद्य.

झाडपाला या जीवाणूंवर काम करतो, आणि जीवाणू झाडपाल्यावर. हिरडा तुरट लागतो तो ज्या द्रव्यांमुळे, ती हे जीवाणू फोडतात आणि त्यांपासून युरोलिथिन नावाचे पदार्थ बनवतात. मात्र असे जीवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. एकाच चूर्णाने शेजाऱ्याला गुण येतो आणि आपल्याला येत नाही, त्याचं हे एक कारण असू शकतं.

दारुहळदीत बर्बेरिन असतं. ते रक्तात फार कमी उतरतं, बरंचसं आतड्यातच राहतं. अ‍ॅडेनोमा काढलेल्या रुग्णांवर चीनमध्ये त्याची मोठी चाचणी झाली. निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. शुद्ध बर्बेरिन, ३०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. दोन वर्षांच्या आत पुन्हा अ‍ॅडेनोमा आढळला तो बर्बेरिन घेणाऱ्यांपैकी ३६ टक्क्यांना, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांना. फरक खरा आहे. पण औषध घेऊनही शंभरातल्या छत्तीस जणांना गाठ आलीच, आणि ती सापडली दुर्बिणीनेच. शिवाय चुलीवर उकळलेल्या काढ्यात बर्बेरिन किती उतरलं, हे कोण मोजणार?

पहिले दोन आठवडे विशेष जपावे. गाठ काढलेल्या जागेतून या काळात रक्त येऊ शकतं. सोनामुखी, जमालगोटा यांसारखी जुलाबाची औषधं तेव्हा नकोत. हळदीच्या कॅप्सूलही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, कारण जास्त मात्रेत रक्त गोठायला वेळ लागू शकतो. भाजीतल्या हळदीला हरकत नाही. गुळवेलही सर्वांना निर्धोक नाही: २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, तरी आधीच यकृताचा त्रास असलेल्याने सावध राहावं.

वैदूकडून काही घेत असाल तर ते डॉक्टरांना सांगा, जमल्यास पुडी सोबत न्या. शौचातून रक्त आलं तर मूळव्याध समजून पाला बांधत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि डिस्चार्ज कार्डावर पुढच्या तपासणीचं वर्ष लिहिलेलं असतं. ते घरातल्या वाचता येणाऱ्या मुलाकडून कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात उतरवून घ्या. वस्तीवरून छत्रपती संभाजीनगरला जायचं तर एका दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं. तपासणी चुकते ती बहुधा तिथेच.