महिना पन्नास रुपये

दिवाळी जवळ आली की आमच्या इंदूरच्या सराफ्यात कॅलेंडरं छापून घ्यायची घाई सुरू होते. लक्ष्मी, खजराना गणेश, महाकाल हे ठरलेले. एका वर्षी शेजारच्या दुकानदाराच्या मनात बुद्धाचं चित्र आलं. त्याच्या गिऱ्हाइकांत महूची पुष्कळ बौद्ध कुटुंबं, शिवाय वचनही त्याला धंद्याला साजेसं सापडलं होतं: सोनं तापवून, कापून, कसोटीवर घासून घेतात तसं माझं म्हणणंही पारखावं, केवळ मला मान द्यायचा म्हणून मानू नये, अशा अर्थाचं. खाली 'त्रिपिटक' असं छापायचं होतं. पालीचे एक निवृत्त प्राध्यापक तेव्हा माझ्या दुकानात अंगठी सैल करून घ्यायला बसले होते. चष्मा वर करून मजकूर वाचला आणि म्हणाले, "वचन छापा, पण त्रिपिटक काढा. पाली त्रिपिटकात हा श्लोक नाही."

शेजाऱ्याचा चेहरा पडला. मला मात्र गंमत वाटली. नग समोर आला की आम्हीही आधी हेच विचारतो: कुठला, कोणाकडून आला, खातरी काय? प्राध्यापकांनी सगळं उलगडून सांगितलं. हा श्लोक संस्कृतात मिळतो. आठव्या शतकातल्या शांतरक्षितांच्या 'तत्त्वसंग्रह' या ग्रंथात तो बुद्धवचन म्हणून येतो. मूळ संस्कृत ग्रंथ टिकला तो पश्चिम हिंदुस्थानातल्या जैन भांडारांनी जपलेल्या पोथ्यांमुळे, आणि छापला गेला १९२६ साली बडोद्याला, गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये. बौद्ध ग्रंथ, जैनांनी राखलेला, मराठा राजाच्या पैशाने छापलेला. शेवटी कॅलेंडरावर वचन राहिलं, 'त्रिपिटक' गेलं.

बौद्ध धर्म पाळणं वेगळं आणि विद्यापीठात त्याचा अभ्यास करणं वेगळं, ते असं. विहारात श्रद्धेनं वंदना होते, ती तिच्या जागी. विद्यापीठातला अभ्यासक विचारतो: हे वाक्य कोणत्या पोथीत आहे, किती जुनं, पालीत एक आणि चिनी भाषांतरात दुसरं का? त्यासाठी पाली हवी, संस्कृत हवं, पुढे तिबेटी किंवा चिनीही. आमच्याकडे झारेकरी दुकानाबाहेरची माती झाडून नेतात, धुतात आणि त्यातून सोन्याचे कण काढतात. या अभ्यासकांचं कामही त्याच चिकाटीचं. दहा वर्षं गेली तरी हातात काय आलं, हे बाहेरच्याला दिसत नाही.

मग या माणसांनी जगायचं कशावर? याचं उत्तर आपल्याच लोकांच्या इतिहासात आहे.

गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी, जन्म १८७६. 'बाळबोधमेवा' या मुलांच्या मासिकातला बुद्धावरचा लेख वाचून या माणसाला ध्यास लागला. घर सोडून पुणे, ग्वाल्हेर, काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. मग नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश. सिलोनात पाली शिकले, भिक्षूही झाले. परत आल्यावर कलकत्त्याला पाली शिकवायचं काम मिळालं, तिथे पुढे चांगला पगार मिळत राहिला असता. पण त्यांना हे ज्ञान मराठी मुलखात आणायचं होतं. १९०८च्या सुमारास बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना देऊ केले महिना पन्नास रुपये. अटी दोन: महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात राहायचं आणि वर्षाला एक पुस्तक लिहायचं. कोसंबींनी कलकत्ता सोडलं.

मी सराफ आहे, करारनामे बरेच पाहिलेत. इतका सुटसुटीत करार क्वचितच असेल. पुस्तक कशावर, निष्कर्ष काय, महाराजांचा फोटो पहिल्या पानावर हवा की नको, असलं काही नाही. 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे त्यांचं पुस्तक १९१०चं, त्यातली व्याख्यानं बडोद्यातच दिलेली. पुढे १९१२ ते १९१८ ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवत होते. तिथल्या विद्यार्थ्यांत एक पु. वि. बापट. बापट पुढे हार्वर्डला गेले, चिनी भाषांतरं वाचून त्यांनी 'विमुत्तिमग्ग' आणि 'विसुद्धिमग्ग' या दोन बौद्ध ग्रंथांची तुलना १९३७ साली प्रसिद्ध केली. पन्नास रुपयांचं व्याज म्हणा हवं तर.

हार्वर्डचीही एक कथा आहे. हेन्री क्लार्क वॉरन नावाचा श्रीमंत, प्रकृतीनं अधू अमेरिकन गृहस्थ 'विसुद्धिमग्ग' संपादित करत होता. १८९९मध्ये तो गेला, काम अर्धवट राहिलं. पण हार्वर्ड ओरिएंटल सिरीज चालावी म्हणून त्यानं पैशाची तजवीज करून ठेवली होती. ते अपुरं काम हाती घ्यायला कोसंबी १९१०मध्ये अमेरिकेला गेले, नंतरही पुन्हा पुन्हा गेले. १९४०मध्ये त्यांनी मुंबईच्या भारतीय विद्या भवनाकडून 'विसुद्धिमग्ग'ची देवनागरी आवृत्ती काढली. हार्वर्डची आवृत्ती निघाली १९५०ला. तेव्हा वॉरनला जाऊन एक्कावन्न वर्षं झाली होती आणि कोसंबींना तीन. आमच्या पेढीवर एवढी उधारी कोणी ठेवू दिली नसती.

दुसरा धागा तर आमच्या अंगणातला. इंदूरहून वीस-पंचवीस किलोमीटरवर महू, तिथे १४ एप्रिल १८९१ला बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म. जयंतीला महाराष्ट्रातून गाड्या भरभरून माणसं येतात. रात्री दुकानांची शटरं पडली आणि सराफ्यात चुली-कढया मांडल्या गेल्या की त्यातली कितीतरी आमच्या ओट्यांवर बसून भुट्ट्याचा कीस खाताना दिसतात. बोलायला मराठी भेटलं की खूश. बाबासाहेब विद्यार्थिदशेत असताना कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी त्यांना आपलं मराठी बुद्धचरित्र भेट दिलं होतं. १८९८चं ते पुस्तक निघालं होतं बडोद्याच्याच एका ग्रंथमालेत. केळुसकरांनीच पुढे गायकवाडांकडे शब्द टाकला आणि कॉलेजसाठी महिना पंचवीस रुपये सुरू झाले. बाबासाहेबांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' छापून आला १९५७मध्ये. त्यांनी पालीचा कोश आणि व्याकरणही तयार केलं होतं, ते महाराष्ट्र शासनानं त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात छापलं. जयंतीच्या सभेत ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. सांगायला हवी.

आता आजचं. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. त्याच दिवशी, त्याच निर्णयात पालीलाही तो मिळाला. तिचे पेढे मी तरी कुठे पाहिले नाहीत. पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यापीठांत पालीचे विभाग आहेत. मध्य प्रदेशात सांचीजवळ बौद्ध आणि भारतीय ज्ञान अभ्यासाचं विद्यापीठ आहे, त्याची पायाभरणी २०१२मध्ये झाली. म्हणजे दारं आहेत. दारातून आत गेलेल्या विद्यार्थ्याच्या खिशाचं काय, हा प्रश्न.

आमच्या व्यापाऱ्यांच्या दानाची तऱ्हा मला ठाऊक आहे. नावाची पाटी दिसेल अशी वस्तू हवी: पंखा, बाक, सभागृह, मूर्ती. दहा लाख दिले तर भूमिपूजन, हारतुरे. हिशेब करून पाहू. दहा लाख बँकेत ठेवले आणि साडेसहा-सात टक्के व्याज धरलं, तर वर्षाला पासष्ट-सत्तर हजार, म्हणजे महिना साडेपाच हजारांच्या आसपास. एवढ्यात शहरात राहणाऱ्या संशोधकाचं भागत नाही. महिना अकरा-बारा हजार द्यायचे तर वीस लाखांची ठेव लागते. एकट्यानं जड, पण चार दुकानं मिळून जड नाही. एका लग्नात आमच्याकडे याहून जास्तीचे दागिने बांधले जातात. आणि अशी ठेव कायमची राहते: एकाची पीएचडी झाली की दुसरा येतो.

एक अट मात्र दात्यानं स्वतःवर घालून घ्यावी. सोन्याचा टंच, म्हणजे शुद्धता, काढणाऱ्याला आम्ही आधी आकडा सांगत नाही. सांगितला तर तो टंचच नव्हे. मूर्तीला लाख देणारा माणूस विद्वानाला पाच हजार देताना म्हणतो, आमच्या समाजाविषयी चांगलं लिहा हं. इथे सगळं बिघडतं. अभ्यासकानं लाडकं वचन त्रिपिटकातलं नाही म्हणून सांगितलं, तर मन खट्टू होईल, होऊ द्यावं. सयाजीरावांना पुस्तक हवं होतं, स्तुती नव्हे.

तेव्हा यंदा घरात कोणाच्या स्मरणार्थ काही द्यायचं असेल तर जवळच्या विद्यापीठातल्या पाली विभागप्रमुखांना एक साधं पत्र लिहा. तुम्हाला काय द्यायचंय ते लिहू नका, त्यांना काय लागतंय ते विचारा. कदाचित कोशाचे खंड लागत असतील, पोथ्यांचं स्कॅनिंग अडलं असेल, तिबेटी शिकवायला बाहेरून येणाऱ्या माणसाचं मानधन थकलं असेल, किंवा एखादी मुलगी दुसऱ्या वर्षी खर्चापायी अभ्यास सोडायच्या बेतात असेल. उत्तर आलं की रक्कम ठरवा, आणि एकदम देऊन मोकळे होण्याऐवजी निदान पाच वर्षं दर महिन्याला द्या.