‘नको’ म्हणायचंय? मग शोधा बटण!

तुम्हाला हवं असतं फक्त एक तिकीट. तारीख निवडता, नाव-वय भरता, ‘पुढे’ म्हणता. आणि मग सुरू होते प्रश्नांची वरात! विमा हवा? खिडकीची सीट हवी? कॅन्सलेशन फुकट हवं? एक रुपया दान देणार? ‘पे’चं बटण दिसेपर्यंत सातशेचे साडेआठशे झालेले असतात आणि तिकडे बॉस केबिनमधून खुणावत असतो. आपण ‘जाऊ दे यार’ म्हणतो आणि ओटीपी टाकून मोकळे होतो.

या ‘जाऊ दे यार’वर सध्या भलामोठा धंदा चाललाय. त्याला म्हणतात अपसेलिंग. म्हणजे घेताय त्यापेक्षा महागातलं घ्या, नाहीतर जोडीला अजून काहीतरी घ्या.

आता मी पडले जालन्याची. ‘जालना सोन्याचा पाळणा’ असं ज्या गावाबद्दल म्हणतात, तिथे दुकानदारी बघतच लहानाची मोठी झाले. त्यामुळे अपसेलिंग मला नवं नाही. साडी घ्यायला गेलात की दुकानदार विचारणारच, ‘ताई, फॉल-पिको करून देऊ? मॅचिंग परकर दाखवू?’ मोसंबीवाला म्हणणार, ‘एक किलोनं काय होतंय, दोन घ्या, भाव कमी करतो.’ यात राग येण्यासारखं काही नाही. उलट फॉलची आठवण करून दिली म्हणून बरंच वाटतं. ‘नको दादा’ म्हटलं की विषय संपतो. मुख्य म्हणजे, आपण पर्समध्ये सुटे पैसे शोधत असताना तो परकर गुपचूप पिशवीत सरकवत नाही!

ऑनलाइन नेमकं हेच होतं. आईने गावाकडून एका साइटवर साधा चार्जर मागवला. बिलात चार्जरसोबत ‘प्रोटेक्शन प्लॅन’ही होता. ‘मी कुठं मागितला होता गं?’ हा तिचा प्रश्न. खूण आधीच केलेली होती, तिने फक्त ती काढली नव्हती. रक्कम किरकोळच होती. पण तिला पैशांपेक्षा लागलं ते हे की, आपल्याला न विचारता आपल्या नावावर ‘हो’ लिहिलं गेलं.

लिंकिंगची आठवण

आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना या प्रकाराचं नाव आधीपासून माहीत आहे : लिंकिंग! खरीप तोंडावर आला की खतासाठी धावपळ सुरू होते. युरियाची 45 किलोची गोणी सरकारी दराने 266 रुपये 50 पैशांना मिळते. पण टंचाई असली की काही ठिकाणी सांगितलं जातं, ‘युरिया पाहिजे ना, मग हे दुसरं खतही घ्यावं लागेल.’ गरज नसलेली बाटली नाहीतर पिशवी गळ्यात पडते. हे बेकायदा आहे, दरवर्षी कारवाईचे इशारे दिले जातात, तरी तक्रारी काही थांबत नाहीत. पेरणी खोळंबलेला माणूस भांडत बसत नाही, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

आपल्याकडे ऑफिसात बसून युरिया कोण घेतो? पण घाई तीच असते. तिथे पाऊस थांबत नाही, इथे ‘सेशन संपायला 2 मिनिटं’चं घड्याळ पळत असतं.

डेन्मार्क आणि फिनलंडच्या मध्ये

अशा चलाख डिझाइनला ‘डार्क पॅटर्न’ हे नाव हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरने 2010 मध्ये दिलं. त्यातला एक नमुना तर भन्नाटच! रायनएअर या विमान कंपनीच्या साइटवर विमा नको असेल तर देशांच्या यादीत जावं लागायचं. तिथे डेन्मार्क आणि फिनलंडच्या मध्ये ‘माझा विमा नको’ हा पर्याय लपलेला असायचा. 2014 मध्ये इटलीच्या नियामकाने कंपनीला दंड ठोकला. त्याच वर्षी जूनपासून युरोपीय संघात जादा पैशांसाठी आधीच खूण केलेल्या चौकटींवर बंदी आली.

एका खुणेने एवढा काय फरक पडतो? खूप! 2003 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अवयवदानाबद्दल एक अभ्यास आला होता. जर्मनीत ‘हो’ म्हणायला नोंदणी करावी लागायची, तिथे संमती होती 12 टक्के. शेजारच्या ऑस्ट्रियात ‘नाही’ म्हणायला नोंदणी करावी लागायची, तिथे 99 टक्क्यांहून जास्त. आधीपासून जे ठरलंय, ते बदलायचा आपण कंटाळा करतो. अवयवदानात त्याने जीव वाचतात, चेकआउटला आपला खिसा हलका होतो.

कायदा तुमच्या बाजूने

आपल्याकडे 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ग्राहकाची संमती स्पष्ट कृतीतूनच घ्यावी लागते. आधीच केलेली खूण ही संमती धरता येत नाही. त्यानंतर 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 13 डार्क पॅटर्नची यादीच जाहीर केली आणि त्यांना मनाई केली. न विचारता टोपलीत वस्तू, विमा किंवा देणगी घालणं त्यात आहे. खोटी घाई करणं आहे. सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटी वाढवणंही आहे. आणि विमा नाकारणाऱ्याला ‘मी असुरक्षित राहीन’ अशा बटणावर क्लिक करायला लावून लाज आणणं, हेही आहे! डिलिव्हरी चार्ज किंवा कर आधी स्पष्ट सांगितले असतील, तर मात्र ते यात मोडत नाहीत.

सगळंच वाईट नाही हं

जालना-मुंबई वंदे भारत 30 डिसेंबर 2023 ला सुरू झाली. 2025 मध्ये ती नांदेडपर्यंत गेली. तिचं तिकीट काढताना ‘जेवण नको’ निवडता येतं आणि तेवढे पैसे कमी होतात. रेल्वेचा प्रवास विमाही ऐच्छिक आहे. 45 पैशांत 10 लाखांपर्यंतचं संरक्षण! मी तो दरवेळी घेते. विचारलं, परवडलं, घेतलं. मोसंबीवाल्याकडून दोन किलो घेताना वाटतं, तसंच समाधान मिळतं. ग्राहकाला विक्रीचा राग नसतो, गृहीत धरण्याचा असतो. एकदा फसल्यासारखं वाटलं की पुढच्या वेळी तो त्या साइटची चांगली ऑफरही संशयाने बघतो. यात नुकसान कोणाचं?

‘पे’ दाबण्याआधी

– बेरीज करा. वस्तू, डिलिव्हरी, कर सोडून चौथी ओळ दिसली की थांबा.
– चौकटीत आधीच खूण असेल तर काढून टाका आणि रक्कम कमी झाली का ते पाहा.
– ‘नको’ बारीक, फिकट अक्षरांत असतं. तळाशी शोधा.
– ‘आणखी 60 रुपयांची खरेदी करा, डिलिव्हरी फ्री’ दिसलं तर हिशेब करा. 40 रुपये वाचवायला 60 रुपयांची नको असलेली वस्तू कशाला?
– स्क्रीनशॉट ठेवा. आधी कंपनीला कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर फिरवा. 19 रुपयांसाठी कोण तक्रार करतं, असं म्हणू नका. समोरचा त्याच भरवशावर बसलाय!
– आणि वीकेंडला गावी गेलात की आई-बाबांच्या फोनवर एवढं नक्की दाखवून द्या.