शरीरांतील दूत व त्यांचे तोतये

पानिपतच्या रणांगणावर १७६१ सालीं सदाशिवरावभाऊ पडले. परंतु पुढें कांहीं वर्षांनीं ‘मीच तो भाऊ’ असें सांगत एक तोतया महाराष्ट्रांत उभा राहिला. चेहऱ्यामोहऱ्याच्या साम्यास भुलून पुष्कळ लोक त्याचे हुकूम मानूं लागले, कोंकणांतील किल्ले त्याच्या हातीं गेले, आणि १७७६ सालीं त्यास पकडून देहान्त शिक्षा होईपर्यंत पेशवाईस मोठा उपद्रव सोसावा लागला. ह्या इतिहासाची आठवण देण्याचें कारण असें कीं, असेच तोतये मनुष्याच्या शरीरांतहि शिरतात आणि तेथील राज्यकारभारांत घोटाळा माजवितात. हे तोतये म्हणजे कांहीं रासायनिक द्रव्यें होत. त्यांची करणी कशी चालते व त्यांपासून आपला बचाव कसा करावा, हें येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम खरे दूत कोण तें पाहूं. मेंदूच्या तळाशीं, गळ्यांत, मूत्रपिंडांच्या माथ्यावर, अशा निरनिराळ्या ठिकाणीं आपल्या शरीरांत ग्रंथि असतात. त्या आपले रस थेट रक्तांत सोडतात. ह्या रसांस संप्रेरकें अथवा हार्मोन असें म्हणतात. ‘हार्मोन’ हा शब्द १९०५ सालीं लंडन येथील शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग ह्यांनीं प्रचारांत आणिला; ज्या ग्रीक शब्दावरून तो बनविला, त्याचा अर्थ ‘चेतविणें’ असा आहे. मुलाची उंची वाढणें, वयांत येतांना आवाज बदलणें, अन्नांतील साखरेचा उपयोग होणें, गर्भाचें पोषण होणें, हीं सर्व कामें ह्या दूतांच्या निरोपांवर चालतात. आश्चर्य हें कीं, निरोप पोंचविण्यास अत्यंत अल्प द्रव्य पुरतें. प्रौढ स्त्रीच्या एक मिलिलिटर रक्तांत स्त्रीत्वाचें मुख्य संप्रेरक एरव्हीं एका ग्रॅमच्या अब्जांश भागाहूनहि कमी असतें. तरी तेवढ्यानें तिच्या देहाचा सारा कारभार सुरळीत चालतो.

हा निरोप कसा वाचला जातो? शरीरांतील पेशींमध्यें कुलुपांसारखे कांहीं घटक असतात, आणि प्रत्येक संप्रेरक आपापल्या कुलपाची किल्ली असतें. किल्ली बसली कीं कुलूप उघडून कार्य सुरू होतें. परकें रासायनिक द्रव्य ह्या व्यवस्थेंत तीन प्रकारांनीं विघ्न आणूं शकतें. एक, तें स्वतःच किल्ली बनून नको तेव्हां कुलूप उघडतें. दुसरें, तें कुलपांत नुसतें अडकून बसतें व खऱ्या किल्लीस वाट देत नाहीं. तिसरें, खरें संप्रेरक तयार होण्याच्या अथवा त्याचा निचरा होण्याच्या क्रियेंतच तें ढवळाढवळ करितें. मोठ्या माणसाच्या शरीरांत असा घोटाळा झाला तर तो पुष्कळदां कांहीं काळानें निस्तरतो. पण गर्भांत अवयवांची घडण चालू असतांना तो झाला, तर ती चूक जन्मभर राहूं शकते. कच्च्या मडक्यावर उमटलेलें बोट भट्टींतून निघाल्यावर पुसतां येत नाहीं, तशांतलाच हा प्रकार आहे.

ह्याचा सर्वांत हृदयद्रावक पुरावा एका औषधाच्या इतिहासांत मिळतो. १९३८ सालीं लंडन येथील मिडलसेक्स रुग्णालयांतील चार्ल्स डॉड्स व त्यांचे सहकारी ह्यांनीं डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल नांवाचें कृत्रिम द्रव्य सिद्ध केलें. तें स्त्री-संप्रेरकासारखें कार्य करी, तोंडानें घेतां येई, आणि स्वस्तहि होतें. अमेरिकेंत तें गर्भपात टळावा म्हणून गर्भवती स्त्रियांस देऊं लागले, व १९४७ सालीं तेथील सरकारी खात्यानें त्यास मान्यता दिली. १९५३ सालीं शिकागो येथें सुमारें १६०० गर्भवती स्त्रियांवर त्याची रीतसर परीक्षा झाली. अर्ध्या स्त्रियांस औषध व अर्ध्या स्त्रियांस तशाच दिसणाऱ्या निरुपद्रवी गोळ्या दिल्या. औषधाचा कांहींएक लाभ दिसला नाहीं. तथापि रूढ झालेली वहिवाट सुटली नाहीं, व पुढें अठरा वर्षें तें औषध दिलें जातच राहिलें.

१९७१ सालीं बोस्टन येथील आर्थर हर्ब्स्ट प्रभृति डॉक्टरांनीं एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली. ऐन तारुण्यांतील आठ मुलींस जननमार्गाचा असा एक कर्करोग झाला होता, कीं जो त्या वयांत जवळजवळ कधींच आढळत नसे. त्यांपैकीं सात मुलींच्या मातांनीं गरोदरपणीं हें औषध घेतलें होतें. ह्या संबंधाची शंका प्रथम एका रुग्ण मुलीच्या आईनेंच डॉक्टरांपाशीं बोलून दाखविली होती. त्याच वर्षीं अमेरिकन सरकारनें गर्भवती स्त्रियांस हें औषध देऊं नये असा इशारा दिला. सुदैवानें तो कर्करोग थोड्यांसच झाला. परंतु अशा कित्येक मुलींच्या गर्भाशयाची घडण बिघडलेली आढळली, व पुढें त्यांस अपत्यप्राप्तींत अडचणी आल्या. बाळ सुखरूप यावें म्हणून श्रद्धेनें घेतलेली गोळी त्याच बाळास वीस वर्षांनंतर बाधावी, ह्याहून दुःखद तें काय?

ह्याच डॉड्स ह्यांनीं १९३६ सालीं बिस्फेनॉल-ए नांवाच्या द्रव्यांतहि स्त्री-संप्रेरकाचा गुण असल्याचें नमूद केलें होतें. औषध म्हणून तें मागें पडलें. पण पुढें त्यापासून कांचेसारखें पारदर्शक व टणक प्लास्टिक तयार होऊं लागलें आणि त्याच्या बाटल्या घरोघरीं आल्या. उष्णतेनें त्यांतील अल्पसा अंश अन्नपाण्यांत उतरतो. म्हणून युरोपीय संघानें २०११ सालीं तान्ह्या बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत त्याचा वापर बंद केला, व भारतीय मानक ब्यूरोनेंहि २०१५ सालीं तसाच नियम केला.

आपल्या देशांतील उदाहरण केरळांतील कासरगोडचें आहे. तेथें काजूच्या बागांवर इ. स. २००० पर्यंत वर्षानुवर्षें एंडोसल्फान नांवाच्या कीटकनाशकाची आकाशांतून फवारणी होत असे. कोंकणांतील व गोव्यांतील वाचकांस काजूची बाग आणि तिच्या उतारावरून गांवांत येणारें पाणी हीं दोन्हीं परिचित आहेत. त्यांस ह्या फवारणीची व्याप्ति सहज कळेल. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनीं तेथील ११७ मुलग्यांची तुलना फवारणी न झालेल्या गांवांतील ९० मुलग्यांशीं केली, तेव्हां पहिल्या गटांत वयांत येण्याची क्रिया मागें पडलेली दिसली. एका अभ्यासानें सर्व कांहीं सिद्ध होत नाहीं, हें खरें; परंतु इशारा म्हणून तो पुरेसा होता. सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं ह्या कीटकनाशकावर देशभर बंदी घातली.

ह्यावरून प्रत्येक व्याधीचें खापर रसायनांवर फोडावें, असें आमचें म्हणणें नाहीं. आनुवंशिकता, आहार, व्यायामाचा अभाव हींहि कारणें तितकींच बलवान आहेत. तथापि जें सहज टाळतां येतें, तें कां टाळूं नये? गरम वरण-भात वा दूध प्लास्टिकच्या भांड्यांत ओतूं अथवा तापवूं नये. स्टीलचीं वा कांचेचीं भांडीं वापरावीं. कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीहि धुतला तरी धान्यापाण्यास घेऊं नये. शेतांतून आल्यावर हातपाय धुवावे, कपडे वेगळे ठेवावे. भाजीपाला वाहत्या पाण्याखालीं धुवावा. गरोदर स्त्रीनें डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून कोणतेंहि औषध घेऊं नये.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या इतिहासापासून आणखी एक बोध घ्यावयाचा आहे. १९५३ सालची परीक्षा सर्वांपुढें होती. उणीव होती ती पुराव्यापुढें आपली वहिवाट सोडण्याच्या तयारीची. उद्यां तुमच्यापैकीं कोणी डॉक्टर, कोणी रसायनज्ञ, कोणी शेतकरी होईल. नवें द्रव्य हातीं येईल तेव्हां ‘हें काय करितें?’ एवढेंच विचारून थांबूं नका. ‘हें आणखी काय काय करितें, व कोणावर?’ हेंहि विचारा. अजून जन्मास न आलेलें बालक हा प्रश्न स्वतः विचारूं शकत नाहीं. त्याच्या वतीनें तो आपणच विचारिला पाहिजे.