गाडीत पेट्रोलचा वास? गोळी नको, गळती शोधा

मागच्या उन्हाळ्यातील गोष्ट. अंजनगावातील एक निवृत्त गुरुजी पत्नीला घेऊन दवाखान्यात आले. बाईंची तक्रार तीन-चार महिन्यांची होती. डोके भणभणते, मळमळते, कधी चक्कर येते. चष्म्याचा नंबर तपासून झाला होता, रक्तदाब व्यवस्थित होता, पित्ताच्या गोळ्यांचाही उपयोग झाला नव्हता.

"रोज दुखते का?" मी विचारले.

"रोज नाई जी. अमरावतीले लेकीकडे जाऊन आलं का मंग डोकं धरते."

"एस.टी.ने गेल्यावरही?"

बाई क्षणभर थांबल्या. "एस.टी.त काईच होत नाई. यायच्या गाडीत बसलं का मयमय होते. पेट्रोलचा वास येते न!"

गुरुजी हसले. "डॉक्टरसाहेब, तिले भास होते. मी रोज चालवतो, मले तर कायचाच वास येत नाई."

वाचकहो, गंमत अशी की दोघेही खरे बोलत होते. गुरुजींची गाडी तीस वर्षांहून जुनी, पोटच्या पोरासारखी जपलेली. त्या गाडीला बोल लागलेला त्यांना सहन होत नव्हता, हा एक भाग. पण दुसरा भाग शरीरशास्त्राचा आहे. कोणताही वास सतत येत राहिला की काही मिनिटांत नाक त्याला सरावते आणि मेंदूला त्याची वर्दी देणे कमी करते. शिवाय साठीनंतर अनेकांची वासाची जाणीव मंदावते. त्यामुळे रोज गाडी चालवणाऱ्याचे नाक हा सर्वांत कच्चा साक्षीदार. अधूनमधून बसणारी बायको किंवा सुटीत आलेली नातवंडे "वास येतो" म्हणाली, तर त्यांचे म्हणणे आधी ऐकावे.

वाफ शरीरात काय करते?

पेट्रोल हे एकच द्रव्य नसून अनेक द्रव्यांचे मिश्रण आहे. त्याची वाफ श्वासावाटे फुप्फुसात, तेथून रक्तात व मेंदूपर्यंत पोचते. थोडी वाफ गेली तर डोकेदुखी, मळमळ, डोळ्यांची व घशाची जळजळ होते. बंद जागेत जास्त गेली तर गुंगी येते, माणूस बेशुद्धही पडू शकतो. या मिश्रणात बेंझीन नावाचे द्रव्य असते. आजच्या मानकांनुसार त्याचे प्रमाण १ टक्क्याच्या आत ठेवावे लागते. तरीही ते वर्षानुवर्षे श्वासात गेले तर अस्थिमज्जेवर परिणाम होतो व रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे सिद्ध झाले आहे. अर्थात एका प्रवासात वास आला म्हणून कोणी घाबरून जाऊ नये. पण रोजचा वास अंगवळणी पाडून घेणे हा शहाणपणा नव्हे. गरोदर स्त्रिया व लहान मुले यांना तर अशा गाडीत बसवूच नये.

दुखणे गाडीचे की शरीराचे, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. गाडीत बसल्यावर त्रास सुरू होतो, मोकळ्या हवेत उतरले की काही वेळाने उतरतो, आणि बरोबरच्या इतरांनाही थोडाफार होतो. असे असेल तर औषधाच्या दुकानाआधी मिस्त्रीकडे जावे.

जुन्या गाड्यांनाच का?

आपल्या भागात जुनी मोटार म्हटली की डोळ्यांसमोर येतात प्रीमियर पद्मिनी आणि अँबेसेडर. पद्मिनी मुंबईच्या कुर्ल्यात तयार होत असे. फियाट ११०० चाच तो अवतार. १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. अँबेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. पण हौशी लोकांच्या घरी या गाड्या आजही आहेत.

या गाड्यांत कार्बोरेटर असतो. टाकीतून उडणारी वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा नव्या गाड्यांत असतो, तो यांत बहुधा नसतो. म्हणून ऐन उन्हाळ्यात किंचित वास येणे हे त्यांच्या घडणीतच आहे. पण रबराचे नळ, वॉशर व पंपाचा पडदा यांचे वय झाले की वास वाढतो. त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. जुन्या गाड्यांचे रबर या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. ते फुगते, मऊ पडते किंवा त्याला चिरा जातात. दोष गाडीचा नाही आणि मालकाचाही नाही. पण रबर बदलण्याची जबाबदारी मात्र मालकाची.

वास केव्हा येतो, ते आधी सांगा

रोग्याला डॉक्टर जसे "केव्हा दुखते" विचारतो, तसेच गाडीलाही विचारावे.

टाकी भरल्यावर किंवा वळणावर वास आला तर झाकणाचे वॉशर, टाकीत पेट्रोल उतरवणारा जाड रबरी नळ आणि टाकीवरच्या काट्याच्या यंत्राचे पॅकिंग पाहावे.

रात्रभर उभ्या गाडीला सकाळी वास असेल तर कोठेतरी थेंबथेंब झिरपते आहे असे समजावे. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी डाग कोठे पडला त्यावरून जागा कळते. जुनी टाकी तळाशी गंजूनही पाझरते.

गाडी पळवून उभी केल्यावर पुढून वास आला तर बॉनेटखाली पाहावे. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात गरम इंजिनावरील कार्बोरेटरमधले पेट्रोल उकळू लागते. अशा वेळी आपले चालक पंपावर ओले फडके टाकतात, ते याच कारणाने. पण कार्बोरेटर बाहेरून ओला दिसला तर आतील सुई अडकली आहे किंवा तरंगणारा गोळा बिघडला आहे.

इंजिनातील तेल मोजायची पट्टी काढून तिचाही वास घ्यावा. तेल पातळ झाले, त्याची पातळी आपोआप वाढली आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर पंपाचा पडदा फाटून पेट्रोल तेलात उतरत असावे. अशी गाडी सुरूच करू नये. मिस्त्रीला घरी बोलवावे.

ओल दिसत नसेल तर सांध्यांवर खडूची पूड लावावी. जेथे पूड ओली होईल तेथे गळती.

एक भेद मात्र नीट लक्षात ठेवावा. वास कच्च्या पेट्रोलचा नसून सायलेन्सरच्या धुराचा असेल तर धोका आणखी मोठा आहे. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला स्वतःचा वास नसतो आणि तो गुपचूप जीव घेतो. सायलेन्सरचे भोक आणि डिक्कीचे फाटलेले रबर त्याच दिवशी दुरुस्त करावे. डिक्की अर्धवट उघडी ठेवून गाडी कधीही चालवू नये.

हे कटाक्षाने टाळा

पेट्रोल शून्याखाली सुमारे ४० अंशांवरही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साचते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत सरपटत जाते. म्हणून गळतीचा शोध गाडी बाहेर मोकळ्यावर काढून, इंजिन थंड असताना घ्यावा. काडीपेटी, विडी, उघडा दिवा जवळ नको. वाड्याच्या पडवीत गाडी उभी करत असाल तर शेजारी गॅसची शेगडी, इन्व्हर्टर किंवा देवाचा दिवा ठेवू नये. बंद खोलीत वास कोंडला असेल तर दिव्याचे बटणही दाबू नये. आधी दारे-खिडक्या उघडाव्यात.

वास झाकण्यासाठी गाडीत अत्तराची बाटली टांगणे म्हणजे ताप मोजायचा सोडून थर्मामीटर फोडणे होय.

आणखी एक वाईट सवय आपल्याकडे सर्रास दिसते. टाकीतून पेट्रोल काढताना नळी तोंडात धरून ओढतात. एखादा घोट चुकून फुप्फुसात गेला तर तेथे दाह होऊन न्यूमोनिया होतो, प्रसंगी जीवही जातो. पेट्रोल पोटात गेल्यास ओकारी काढू नये. मीठपाणी, दूध, तूप काही पाजू नये. उलटीबरोबर पेट्रोल पुन्हा छातीत शिरते. खोकला किंवा दम लागो न लागो, रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. १०८ ला फोन करावा. पेट्रोलने हात धुण्याचीही सवय सोडावी, त्याने कातडी कोरडी पडून फुटते.

वाफेने कोणी गुंगले तर त्याला मोकळ्या हवेत आणावे, कपडे सैल करावेत. पेट्रोलने भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावे.

गुरुजींच्या गाडीचे काय झाले?

गुरुजी थोडे रागातच मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीने बॉनेट उघडले आणि पंपापासून कार्बोरेटरकडे जाणारी नळी बोटाने दाबली. नळी चिरलेली होती. बोट ओले झाले. मागे टाकीच्या गळ्याचे रबरही सैल होऊन पाझरत होते. दोन्ही नळ इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घातले, क्लिपा नव्या बसवल्या, झाकणाचे वॉशर बदलले. सारे काम एका दुपारचे.

पंधरा दिवसांनी दोघे पुन्हा आले, गाडीनेच. बाईंची डोकेदुखी थांबली होती. गुरुजी मात्र गप्प होते. जाताना ते हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, इंजिन ज्या नळीवर तापते, तिच्याच खाली पेट्रोल टपकत होतं. नातू मांडीवर बसून जात होता याच गाडीत."

त्यांना जे उशिरा कळले ते आपल्याला आज कळावे, एवढ्यासाठीच हा प्रपंच. घरातले कोणी "वास येतो" म्हणाले, तर त्याला भास म्हणू नका. बॉनेट उघडा.