पेशींची साक्ष

शाम्पू किंवा मुखलेप चुकून डोळ्यात गेल्यास कितपत इजा होईल, याची शहानिशा माल बाजारात येण्यापूर्वीच करावी लागते. आणि १९४४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील जॉन ड्रेझ यांनी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या पद्धतीप्रमाणे ती कित्येक दशके सशाच्या एका डोळ्यात द्रव्य घालून, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच राखून, पारपटलाचा गढूळपणा आणि आतली लाली व सूज यांना गुण देऊन होत असे. मुक्या जनावराचे क्लेश हा मुख्य आक्षेप होताच. परंतु गुण देणे पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असल्यामुळे एकाच द्रव्याविषयी निरनिराळ्या प्रयोगशाळांचे निकाल जुळत नाहीत, हेही १९७१ मध्ये उघडकीस आले, आणि माझ्या मते त्या पद्धतीचा पाया येथेच खचला, कारण इतक्या यातनांच्या मोबदल्यात मिळणारा दाखलाही भरवशाचा नव्हता.

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१५ मध्ये मान्य केलेल्या एका चाचणीत मानवी पेशी वाढवून, पारपटलाच्या बाह्य आवरणासारखे थरांवर थर असलेले ऊतक इवल्याशा वाटीत तयार करतात. द्रव पदार्थाचे ५० मायक्रोलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब, त्यावर अर्धा तास ठेवून धुऊन काढतात, ऊतकाला दोन तास अवधी देतात, आणि मग ते एमटीटी नावाच्या पिवळ्या द्रावणावर ठेवतात. जिवंत पेशींतील विकरे या पिवळ्याचे गडद जांभळे करतात, मृत पेशींना ते साधत नाही. तेव्हा तीन तासांनी तो जांभळा रंग आयसोप्रोपेनॉलमध्ये उतरवून त्याची गडदता यंत्राने मोजली, आणि नुसते पाणी घातलेल्या ऊतकाशी ताडून पाहिली, की किती पेशी तगल्या याचा आकडा हाती येतो. प्रसाधन मुळातच रंगीत असेल, तर त्याचा रंग मोजणीत मिसळून मेलेले ऊतक जिवंत भासू नये म्हणून एमटीटीविना वेगळे ऊतक तपासून तेवढा हिस्सा वजा करतात. बाकी ६० टक्क्यांहून अधिक उरली, तर द्रव्याला नेत्रदाहक ठरवण्याचे कारण राहत नाही.

भारताने २०१४ मध्ये प्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचणी करण्यास आणि तशी चाचणी झालेल्या मालाच्या आयातीसही कायद्याने मनाई केली, ही मोठ्या समाधानाची गोष्ट होय. तथापि नव्या परीक्षेचा कमीपणा झाकून ठेवू नये. आकडा ६० किंवा त्याखाली आला, तर इजा सौम्य की गंभीर हे तिच्या एकटीच्या बळावर सांगता येत नाही, कारण वाटीतल्या ऊतकाला अश्रू नाहीत, पापणी नाही, आणि जखम पुढे भरून येते की नाही हे त्यात दिसत नाही. सबब कत्तलखान्यात मांसासाठी मारलेल्या गुरांच्या पारपटलावरील परीक्षेसारख्या अन्य पद्धतींची तिला जोड द्यावी लागते.