चौघेही कारागीर

जत्रेच्या रात्री देवळालगतच्या पडवीत दशावतारी कंपनीचे नट हातात आरसा धरून आपापले चेहरे रंगवत बसतात. आज कुठलं आख्यान लावायचं आणि कोणी कोण व्हायचं, हे बहुधा तिथेच ठरतं. लिहिलेली संहिता नसते. कथेचा सांगाडा सगळ्यांना पाठ असतो. संवाद मात्र समोरच्याचं वाक्य कानावर पडल्यावर तिथल्या तिथे जुळवायचा. मंचावर असतं एक लाकडी बाकडं. राजा बसला की ते सिंहासन, आणि प्रसंग बदलला की दुसरं काहीही. सिंधुदुर्गातल्या गावांनी पिढ्यान् पिढ्या रात्र रात्र जागून हा खेळ पाहिला आहे.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा एक खेळ छापला. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. एकाने कथेचा सूत्रधार व्हायचं आणि प्रसंग सांगायचा: समोर दरी आहे, पूल तुटलेला आहे, पलीकडे कोणीतरी मशाल घेऊन उभं आहे. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि त्या पात्राच्या तोंडून बोलायचं, त्याच्या बुद्धीने वागायचं. पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या. दशावतार पाहत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला फार वेळ लागू नये. फरक एवढाच, की आख्यानाआधीच्या आडदशावतारात वेद पळवणारा संकासुर विष्णूच्या हातून मरणार हे सगळ्या गावाला माहीत असतं. टेबलावरच्या खेळात शेवट कोणालाच माहीत नसतो, कारण पात्राची उडी साधली की चुकली हे वीस बाजूंचा फासा ठरवतो.

या खेळात प्रत्येक पात्राला एक पेशा असतो. नेहमीची कंपनी चार पेशांची: तलवार चालवणारा योद्धा, मंत्र टाकणारा जादूगार, जखमा भरून काढणारा पुजारी आणि कुलपं उघडणारा चोर. एकाचं उणं दुसऱ्याने भरून काढायचं, हा त्यामागचा हिशेब. म्हणूनच चौघांनीही एकच पेशा घ्यायचा म्हटलं की जुने खेळाडू नको म्हणतात. पण एक पेशा असा आहे, की तो चौघांनी घेतला तर कंपनी लंगडी पडत नाही. उलट एकट्याला कधीच जमलं नसतं ते तिला जमतं. तो पेशा म्हणजे आर्टिफिसर, जादूच्या वस्तू घडवणारा कारागीर.

हा कारागीर स्वतंत्र पेशा म्हणून आला २००४ साली, कीथ बेकर यांनी रचलेल्या ‘एबेरॉन’ या जगात. तिथे जादू ही मूठभर ऋषींची मिरास नाही. दिव्यांना, वाहनांना, रोजच्या व्यवहाराला ती जुंपलेली आहे. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत हा पेशा २०१९ मध्ये आला आणि २०२० च्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुस्तकात त्याच्या चार शाखा एकत्र मिळाल्या: रसायनी, तोफकार, चिलखतकार आणि लोखंडी प्राणी घडवणारा रणलोहार.

त्या पुस्तकातला एक नियम नीट समजून घेण्यासारखा आहे. रात्रीची विश्रांती संपली की कारागीर साध्या वस्तूंमध्ये जादू भरतो. अनुभवासोबत पात्राची पातळी वाढत जाते. दुसऱ्या पातळीवर कारागिराला अशा दोन वस्तू भारून ठेवता येतात, सहाव्या पातळीवर तीन, दहाव्या पातळीवर चार. वस्तू स्वतःच वापरली पाहिजे असं बंधन नाही, ती कोणालाही देता येते. पण एक जाच आहे: जादूचा कुठलाही एक प्रकार एका वेळी एकाच वस्तूत भरता येतो. आता या प्रकारांच्या यादीत पाण्याखाली श्वास घेऊ देणारी टोपी आहे, आणि ती दुसऱ्या पातळीपासूनच बनवता येते. एकट्या कारागिराला अशी एकच टोपी जमेल. म्हणजे तो खाली जाणार आणि बाकीचे होडीत वाट बघणार. चौघे कारागीर असतील, तर प्रत्येकाने एक टोपी करावी. पूर्ण कंपनी समुद्राच्या तळावर उतरते, आणि प्रत्येकाच्या हाती आणखी एकेक वस्तू भारायची उरतेच.

मालवणच्या किनाऱ्यावर बसून हा खेळ मांडणाऱ्याला याहून सोयीचा नियम मिळणार नाही. १६६४ ते १६६७ या काळात शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर उभारलेला सिंधुदुर्ग किल्ला समोर आहे. त्याच्या पायाच्या दगडांत शिसं ओतलेलं आहे. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या त्याच्या विहिरींना भर समुद्रात गोडं पाणी आहे. उत्तरेला विजयदुर्गाजवळ समुद्राच्या पाण्याखाली एक भिंत आहे. शत्रूची जहाजं तिच्यावर आपटून फुटत, असं सांगतात. ती भिंत बांधली कोणी, आणि तिच्या पलीकडे काय राखायचं होतं? सूत्रधाराने एवढा प्रश्न टाकावा आणि टोप्या शिवायला घ्याव्यात.

पात्रंही इथलीच मिळतात. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी आणि फळं घडवली जातात, त्यांवर रंग आणि लाख चढते. तिथला रंग कालवणारा माणूस रसायनी म्हणून शोभेल. खेळातला रसायनी रोज सकाळी एक प्रायोगिक अर्क काढतो आणि त्याचा गुण सहा बाजूंच्या फाशावर ठरतो: कधी जखम भरते, कधी पायांना वेग येतो, कधी माणूस चक्क उडतो.

रणलोहारासाठी कुडाळजवळच्या पिंगुळीला जावं. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या जपल्या. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यातच या कलेचं संग्रहालय उभं केलं आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. निर्जीव लाकडात दोऱ्यांनी जीव ओतणं ज्या घरांत रोजचं आहे, तिथल्या पात्राला लोखंडी रक्षक प्राणी घडवणं अवघड वाटणार नाही. हा प्राणी मालकाच्या शेजारी उभा राहतो आणि साथीदारावर वार करणाऱ्याला बिचकवतो. तोफकार विजयदुर्गाजवळच्या गिर्ये गावचा असावा. मराठा आरमाराची जहाजं डागडुजीसाठी तिथल्या गोदीत येत. त्याची छोटी जादुई तोफ आग ओकते, शत्रूला मागे ढकलते, किंवा साथीदारांभोवती तात्पुरतं कवच उभं करते.

चौथा चिलखतकार, आणि तो दशावतारी कंपनीतूनच यावा. मुकुट, भुजा, छातीवरचे अलंकार चढवले की माणूस देव होतो, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं असतं. शिवाय सिंधुदुर्गात गेली कित्येक वर्षं फलकांवर ‘ट्रिकसीनयुक्त नाट्यप्रयोग’ असं ठळक छापलेलं दिसतं. पुराणातला चमत्कार नुसता सांगायचा नाही, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत घडवायचा, या हट्टापायी नाटकमंडळी युक्त्या शोधतात. जुन्याजाणत्यांना हे सगळं रुचत नाही, त्यांना शब्दाची ताकद पुरेशी वाटते. त्यांचं म्हणणं खोटं नाही. तरीही देवळासमोरच्या अंगणात, हाती असेल त्या सामानातून चमत्कार उभा करणारा माणूस आर्टिफिसरचा सख्खा भाऊ आहे, आणि त्याच्या कल्पकतेचं कौतुक व्हायला हवं तेवढं होत नाही.

अशा कंपनीच्या उणिवाही खऱ्या आहेत. जादूगार पाचव्या पातळीवर जे तिसऱ्या श्रेणीचे मंत्र टाकतो, ते कारागिराला नवव्या पातळीवर मिळतात. चौघांचीही मदार बुद्धीवर, त्यामुळे भीती घालणारी किंवा मन वळवणारी जादू आली की चौघेही एकदम गळपटू शकतात. सातव्या पातळीवर यावर उतारा सापडतो: साथीदाराचा फासा कमी पडत असेल तर कारागीर ऐनवेळी युक्ती सुचवतो आणि स्वतःच्या बुद्धीचे गुण त्यात घालतो. एकाची ही शक्ती दिवसभरात संपते. चौघांची सहसा संपत नाही. राहिला गोड बोलून काम काढण्याचा प्रश्न. कागदावर चौघेही त्यात कच्चे. पण संकासुर मालवणीत ज्या हजरजबाबीपणे समोरच्याला गुंडाळतो, तो ऐकत वाढलेला खेळाडू टेबलावर असेल तर सूत्रधाराने फाशाआधी त्याचं बोलणं ऐकावं.

फासेच हवेत असंही नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात १२० गोल पत्ते असतात: दहा अवतार, प्रत्येकाचे बारा, त्यांत राजा, प्रधान आणि एक ते दहा. हाताने रंगवायची ही कला सावंतवाडीच्या राजघराण्याने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा उभी केली. एक ते दहाचे पत्ते दहा बाजूंच्या फाशाचं काम चोख करतात. राजा आला तर मोठं यश, प्रधान आला तर सूत्रधाराची मर्जी. गंजिफाचा मूळ डाव दिवसा रामाच्या राजापासून सुरू होतो आणि रात्री कृष्णाच्या. तोच नियम इथे लावला, तर दिवसाच्या आणि रात्रीच्या मोहिमेत पहिली चाल कोणाची हेही पत्त्यांवर ठरवता येईल.

मराठीत हा खेळ आणायला कायद्याचीही आडकाठी नाही. पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत. मूळ श्रेय दिलं की कोणीही त्यांचं भाषांतर करावं, छापावं, विकावं. मात्र त्या खुल्या भागात योद्धा आहे, जादूगार आहे, पुजारी आणि चोरही आहे, आर्टिफिसर नाही. मालवणी कंपनीला आपला कारागीर नव्याने लिहावा लागेल: लाखेचा अर्क किती वेळ टिकतो, कळसूत्री वाघाला किती दोऱ्या लागतात आणि भरतीच्या वेळी टोपीतली हवा किती पुरते, इथपासून.